दावं घरचं घरी

सहदेव गुरुजींना यात काय मिळायचं होतं ते आधी मांडू. म्हणजे पुढे कोणी त्यांना देवमाणूस म्हणालं तर आपण घाईनं मान हलवणार नाही, आणि कोणी कसाई म्हणालं तरी नाही.

गुरुजींचं गाव मलकापूरच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळाला लागून. आई तिथे अंथरुणाला खिळलेली, बायको तिथे, आणि गुरुजी इकडे मेहकर तालुक्यात, जानेफळहून पायवाटेनं आत गेल्यावर लागणाऱ्या एका गावात. शाळेची कौलं गळकी. पिठलं स्वतःच करायचे, आणि ते त्यांना कधी जमलं नाही. चार अर्ज केले होते बदलीचे.

राज्य नवं होतं आणि जिल्हा परिषद त्याहून नवी. मेहकरच्या सभेत शिक्षण खात्याचे साहेब म्हणाले, "शहरात मुक्याबहिऱ्या मुलांची निवासी शाळा निघाली आहे. इमारत आहे, शिक्षक आहेत, खाटा आहेत. मुलं नाहीत. मुलं तुमच्या गावांत आहेत, पण आईबापांना समजत नाही. त्यांना समजावून सांगा. जो मूल आणेल तो माझ्या लक्षात राहील."

बाकीच्या मास्तरांना यात 'समजावून सांगा' ऐकू आलं. गुरुजींना ऐकू आलं 'लक्षात राहील'. डोळ्यांपुढे कचरूची मुकी पोर उभी राहिली. हेतू वाईट नव्हता. चांगल्या कामात आपलंही काम उरकत असलं की माणूस ते जरा घाईनं करतो, एवढंच.

कचरूची बागायत ओढ्याच्या काठाला. मिरची, वांगी, मेथी. चैत्र सरत आला होता आणि विहिरीचं पाणी असं खाली गेलं होतं की मोट तळाला टेकली की दगडाचा आवाज यायचा. कचरू विहिरीकाठच्या उतारावर, धावेवर, बैल हाकायचा. बैल उतरणीला लागले की नाडा ताणला जाई, मोट वर येई, थारोळ्यात पाणी उपडं होई आणि पाटानं वाफ्यांकडे धावे. तिथे चांगुणा उभी असायची, नऊ वर्षांची, परकर खोचलेला, हातात फावडं. वाफा भरला की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घ्यायचं. तिच्या वाफ्यातनं ओंजळभर पाणी कधी बाहेर गेलं नाही.

लहानपणीच्या तापात तिचे कान गेले. बोलणं यायचं होतं, ते मग आलंच नाही. त्याच्या जागी हात आले. मिशीवर बोट म्हणजे बाप. नाकातल्या खड्यावर बोट म्हणजे माय. मूठ उघडून खाली सोडली की पाणी. डोक्यावर दोन बोटं, त्यातलं एक वाकडं, म्हणजे शिंगऱ्या बैल. धावेवरून वाफ्यापर्यंत दुसऱ्या मळ्यातली माणसं घसा फोडून ओरडायची. कचरू नुसता हात वर करायचा. शेजारचे महादेवराव म्हणायचे, "कचरू, तुह्या मळ्यात दिवसभर गप्पा चालते अन् आमाले ऐकूच येत नाई बे."

गुरुजी आले आणि रुमाल टाकून थारोळ्याच्या दगडावर बसले.

"कचरूभाऊ, मुलीचं काही ठरवलं का?"

"काय ठरवाचं? पाणी बरं मोडते."

"सरकारनं शाळा काढली आहे अशा मुलांसाठी. राहणं, जेवण, कपडे, सगळं फुकट."

कचरूनं बैल मागे घेतले. "फुकट? मंग कोण्या कामाले लावते तिथी?"

"कामाला नाही हो. शिकवतात."

"गुर्जी, तिले ऐकू नाई येत."

"म्हणूनच तर."

हे 'म्हणूनच तर' कचरूला कळलं नाही. गुरुजींनाही त्याच्या पुढचं माहीत नव्हतं. त्यांनी ती शाळा पाहिली नव्हती. चांगुणाची माय, मंजुळाबाई, मिरच्या तोडत होती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बोलन का ते?"

गुरुजी इथे 'विचारून सांगतो' म्हणाले असते तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं.

"बोलेल ना," ते म्हणाले. "तुम्हाला आई म्हणून हाक मारेल."

मंजुळाबाईनं पदर तोंडाला लावला. कचरू म्हणाला, "मंग पाणी कोण मोडन?"

"मोडीन मी. नाईतर वाळू द्या वांगे." तिनं मिरचीची पाटी खाली ठेवली. "आपण हावो तोवर बरं हाये. मंग कोण हाये तिले? तिचे हात वाचणारे दोनच माणसं जगात, अन् दोघं बी तिच्या आधी मरणार. मेल्यावर मी काय वरून हात हालवू?"

चांगुणाला तीन तोंडं हलताना दिसली आणि मग तिन्ही आपल्याकडे वळलेली दिसली. तिनं बापाकडे पाहून पंजा उलटा केला: काय?

कचरूनं मूठ उघडून खाली सोडली: काही नाही, पाणी.

शिंगऱ्याचा पुढचा खूर उन्हाळ्याच्या तोंडालाच दुखावला होता. धावेवर मागे सरताना तो मध्येच बसायचा. तो विकून तरणा गोऱ्हा आणायचं ठरलं. जानेफळच्या बाजारात गिऱ्हाईक भेटलं ते लोणारचा कय्यूम, गाडीवर विटा वाहणारा.

"रस्त्यात बसन तर नाई ना हा, कचरूभाऊ?"

"धावेवर बसते. तुह्या सपाट रस्त्यावर काऊन बसन?"

"रस्त्यावर मीच बसतो," कय्यूम म्हणाला. "दोघं बसलो तर इटा कोण नेईन?"

त्यानं बैलाचा ओठ वर करून दात पाहिले, खूर दाबला, शेपटी उचलली. मग दोघांनी उपरण्याखाली हात घातले आणि बोटांनी सौदा सुरू झाला. चांगुणा हसायला लागली. तिच्या हातवाऱ्यांना हसणारी मोठी माणसं बाजारात फडक्याखाली हातानंच बोलत होती. ती वाकून खाली पाहायला लागली.

"दूर हो वो पोट्टे," कय्यूम म्हणाला. "हिले सगळं समजते, बाप्पा. माझा भाव फोडन."

सौदा झाला. कचरूनं शिंगऱ्याच्या गळ्यातलं दावं सोडून पोरीच्या हातात दिलं. तिला वाटलं, द्यायला सांगितलं. ती पळत गेली आणि दावं कय्यूमपुढे धरलं. कय्यूमनं हात मागे घेतला.

"नाई बेटी. दावं घरचं घरी."

रीत तशीच आहे. विकलेल्या जनावराचं दावं धनी देत नाही. दाव्यामागून घरची बरकत जाते म्हणतात. उसनं दिलेलं जनावर मात्र आपल्या दाव्यानिशी जातं आणि दाव्यानिशी परत येतं. चांगुणानं हेही पाहिलं होतं. आदल्या पेरणीला दुसरा बैल, हिऱ्या, महादेवरावांकडे गेला होता तो दाव्यासकट, आणि पेरणी उरकल्यावर आपल्या पायांनी गोठ्यात आला होता.

कय्यूमनं आपलं नवं दावं शिंगऱ्याला घातलं. बैलानं एकदाही मागे पाहिलं नाही. घरी आल्यावर चांगुणानं जुनं दावं स्वतःच खुंटीला लावलं. पुढे कितीतरी दिवस ती डोक्यावर वाकडं बोट धरून विचारायची, आणि कचरू हात झटकून सांगायचा: गेला. नाही येत.

मृगाच्या सुमाराला शाळेचं बोलावणं आलं. केस कापून पाठवा, दागिना नको. गुरुजी स्वतः पोचवायला निघाले. "तुम्ही कशाला हेलपाटा घालता? शाळा मी पाहून येतो ना," ते म्हणाले, आणि यात त्यांचा चांगुलपणा होता. साहेबांना मुलासोबत मास्तर दिसायला हवा, हेही होतं.

जानेफळच्या एसटी थांब्यावर चांगुणा खुशीत होती. गाडीत बसून बाजाराला जायचं असं तिनं धरलं होतं. चाकाला हात लावून पाहिला, इंजिन थरथरतं ते तळव्यानं पाहिलं, आणि बापाला हातानं सांगितलं: बैल आहे आत, मोठा.

"हातवारे जरा कमी," गुरुजी हळूच कचरूला म्हणाले. "लोक पाहतात. तिथेही चालायचे नाहीत." कचरूनं दोन्ही हात गाठोड्याखाली घेतले.

"आणि तो ताईत काढून घ्या, बाई. हरवला तर बोल माझ्यावर."

काळ्या दोऱ्यातला चांदीचा ताईत तापातून उठल्यापासून तिच्या गळ्यात होता. दोरा जुना झाला की मंजुळाबाई आधी नवा बांधायची आणि मग जुना तोडायची. गळा एक क्षण मोकळा ठेवला नव्हता. आता तिनं तो पोरीच्या डोक्यावरून काढला आणि पदराच्या गाठीत बांधला.

चांगुणाचा हात गळ्याकडे गेला. तिनं मायच्या पदराकडे पाहिलं. मग बापाच्या हातांकडे. हात गाठोड्याखाली होते.

त्यानंतर ती काही मागेना, काही दाखवेना. गुरुजींनी बोट धरलं तशी चढली, सांगितलं तिथे बसली.

"पाहा," गुरुजी खिडकीतून म्हणाले, "तुम्ही ती रडेल म्हणत होता. किती समजदार आहे."

गाडी गेली, धूळ बसली. मंजुळाबाईनं घरी येऊन पदराची गाठ सोडली. उंदरांच्या भीतीनं ताईत खुंटीला लावला, दाव्याच्या शेजारी.

दसऱ्याच्या आत गुरुजींची बदली झाली. निरोपाचं जेवण मंजुळाबाईनं घातलं. पुरणपोळीवर तूप ओढताना तिनं विचारलं, "बोलाले लागली असन आता?"

"लागली असेल. नक्कीच," गुरुजी म्हणाले. जूननंतर ते तिकडे फिरकले नव्हते.

दिवाळीला पोरीला आणायला कचरू गेला. शाळेच्या व्हरांड्यात मुलं रांगेत उभी होती. चांगुणा त्याला आधी ओळखू आली नाही. केस आणखी कापून मुलासारखे केलेले, अंगात निळा झगा, आणि गळ्यात नाडीत ओवलेला पत्र्याचा बिल्ला, त्यावर आकडा. कचरूनं मिशीवर बोट ठेवलं. तिनं हात पाठीमागे घेतले आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.

वसतिगृहाच्या सिंधूताई जवळ आल्या. "हात बंद ठेवले की तोंड उघडतं. असंच शिकवतो आम्ही. म्हण, चांगुणा. बा... बा."

"बा बा," चांगुणा म्हणाली. आवाज घागरीतून आल्यासारखा होता. कचरूनं ताईंनाच नमस्कार केला.

घरी अंगणात बाया जमल्या. मंजुळाबाई चौकटीला धरून उभी. पोरीनं मायच्या तोंडाकडे पाहिलं, छाती भरून घेतली आणि म्हणाली, "आ ई."

मंजुळाबाईनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवला.

"आई म्हनते व माय," शेजारची सत्यभामाबाई म्हणाली. "आपल्यात माय म्हनते."

"म्हनू दे. शाळेतली माय आई असन."

"अजून म्हनाव. मी उशिरा आलो," मागून एक बाई म्हणाली.

हनुवटी धरून एकेकीनं तोंड वर केलं. एकीनं जीभ पाहिली, पहिलीसारखीच आहे का. चांगुणा प्रत्येकीपुढे तोंड उघडून म्हणत राहिली. कचरू गोठ्याच्या दाराशी उभा होता. त्याला बाजार आठवला, कय्यूमचा अंगठा आणि बैलाचे दात. त्यानं ती आठवण झटकली. चांगल्या दिवशी माणूस असलं काही जवळ ठेवत नाही.

पण पोर घरात मिसळेना. भाकरी वाढली की ताट घेऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची. सांगितलेलं करायची, न सांगितलेलं काही नाही. मळ्यात कचरूनं धावेवरून हात वर केला तर तिची नजर त्याच्या तोंडावर. तेवढ्या लांबून तोंडातलं काय दिसणार? वाफा भरून वाहिला, मेथी झोपली. मायनं नाकाच्या खड्यावर बोट ठेवून जवळ बोलावलं तर हात पाठीमागे बांधून समोर उभी.

"पावण्यावानी राह्यते," कचरू म्हणाला.

"आपल्याच घरी पावणी?" मंजुळाबाई म्हणाली. "सवय मोडली तिची. होईन बरोबर."

पोरगी खुंटीकडे मात्र रोज पाहायची. दोघांनाही वाटलं, शिंगऱ्याची आठवण येते.

पाडव्याला न्हाऊ घातल्यावर मंजुळाबाईनं गळ्यातला बिल्ला काढून बाजूला ठेवला आणि खुंटीवरचा ताईत काढून पोरीला घातला. सण होता म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं.

चांगुणानं ताईत मुठीत धरला. मायकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग पळत बाहेर गेली, गोठ्यात हिऱ्याच्या गळ्याला मिठी मारली, परत आली आणि हात सुटले. शाळेतल्या पोरी, बाईचा चष्मा, वरणातला खडा, एक पोरगी झोपेत लाथा मारते. कचरू पोट धरून हसला. चार दिवस मळ्यात पुन्हा गप्पा चालल्या. वाफ्यातनं थेंब बाहेर गेला नाही. महादेवराव बांधावरून म्हणाले, "आली वाटते मालकीण."

सुट्टी संपली. मंजुळाबाईनं गाठोडं बांधायला घेतलं. निळा झगा, चिवड्याची पुरचुंडी, करंज्या. चांगुणा दारात उभी राहून ते पाहत होती.

ती आत आली. ताईत स्वतःच डोक्यावरून काढला. बिल्ला उचलून गळ्यात घातला. आणि ताईत दोन्ही हातांवर धरून बापापुढे केला, जसं बाजारात कय्यूमपुढे दावं धरलं होतं. फक्त या वेळी तिला रीत माहीत होती. तिनं तो धन्याला दिला.

कचरूनं घेतला नाही.

"मंजुळे," तो म्हणाला, "आपण तिले इकलं."

"काय बोलून राह्यले?"

"तिले तसं वाटते. गाडीपाशी दावं काढून घेतलं आपण. तिथी दुसरं घातलं. पाह्य तिच्या गळ्यात."

मंजुळाबाईनं बिल्ल्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या दाव्याकडे. पोरीला ओढून छातीशी धरलं आणि हात हलवत राहिली: जा, ये. जा, ये. तू जा, तू ये, मी इथे. चांगुणा मान हलवत होती. जा म्हटलं तरी मान, ये म्हटलं तरी मान.

"नका नेऊ," मंजुळाबाई म्हणाली. जरा वेळानं तीच म्हणाली, "अन् मंग आपण मेल्यावर?"

कचरूनं ताईत परत पोरीच्या गळ्यात बांधला, दोऱ्याला गाठीवर गाठ मारली. "दाव्यानिशी नेतो," तो म्हणाला. "मंग समजन तिले. दाव्यानिशी गेलं ते परत येते."

गाडीत तिनं सारा रस्ता ताईत धरला होता. एकदा तिनं बापाच्या खांद्यावर डोकंही टेकलं.

सिंधूताई दारातच होत्या. त्यांची नजर गळ्यावर गेली.

"कचरूभाऊ, दागिना चालत नाही. गुरुजींनी सांगितलं नव्हतं का?"

"सांगतलं होतं, बाई. पण ऱ्हाऊ द्या. तिले वाटते आमी तिले इकलं." त्यानं बैलाचं सांगितलं, दाव्याचं सांगितलं. नीट सांगता येईना. व्हरांड्यातला एक शिपाई हसला.

सिंधूताई हसल्या नाहीत. बाई वाईट नव्हत्या. त्या चांगुणापुढे गुडघ्यांवर बसल्या, तिचा तळवा स्वतःच्या गळ्याला लावला आणि एकेक शब्द तोंडानं मोठा करून म्हणाल्या, "तू... घरी... जाशील... उन्हाळ्यात."

चांगुणानं मान हलवली.

"बघा. समजलं तिला."

"मान ते सगळ्यालेच हालवते, बाई. मी हातानं सांगतो."

"हात नको. मोठ्या मेहनतीनं बंद केलेत. तुमच्या दिवाळीनं आधीच अर्धे सुटलेत."

कचरूनं हात जोडले. तेवढे चालत होते. "मंग दावं तुमच्यापाशी ठेवा. तिच्यापुढं घ्या, तुमच्या पेटीत ठेवा. घेणाऱ्यापाशी दावं ऱ्हायलं म्हणजे उसनं. ते तिले कळते."

सिंधूताईंनी ताईत काढला, तळहातावर धरला. क्षणभर त्यांची बोटं मिटली.

"चांदी आहे हो," त्या म्हणाल्या. "मागे एका मुलीचे वाळे गेले, तर झाडणाऱ्या बाईला काढलं आणि वाळे नंतर गादीत सापडले. मी ही जोखीम नाही घेऊ शकत. तुमची वस्तू तुमच्याकडेच बरी."

त्यांनी कचरूचा हात उघडला, ताईत त्यात ठेवला आणि त्याची बोटं आपल्या हातांनी मिटली. नीट, प्रामाणिकपणे, चांगुणाच्या डोळ्यांसमोर.

चांगुणानं बापाच्या मुठीकडे पाहिलं. रडली नाही. बिल्ला सरळ केला, हात पाठीमागे घेतले आणि रांगेत जाऊन उभी राहिली. कचरू दाराशी बराच वेळ थांबला. रांग आत गेली. तिनं मागे पाहिलं नाही.

घरी मंजुळाबाईनं मूठ उघडून पाहिली. "काऊन आणला?"

"नाई घेतला."

ती ताईत घेऊन भिंतीकडे वळली.

"खुंटीले लावू नको," कचरू म्हणाला.

"मंग कुठी ठिवू?"

तो तसाच मळ्यात गेला.

आता जमाखर्च. सहदेव गुरुजींना रात्री रेल्वेची शिटी ऐकू येते आणि पिठलं बायको करते. साहेबांच्या अहवालात मेहकर तालुक्यापुढे शून्य होतं तिथे एक झाला. शाळेची एक खाट भरली. सिंधूताईंवर कसला आळ आला नाही. कय्यूमचा शिंगऱ्या सपाट रस्त्यावर एकदाही बसला नाही. मंजुळाबाईला 'आई' मिळाली. तिच्याकडे बदल्यात द्यायला दुसरं काही नव्हतं म्हणून तिनं पोरीशी बोलणारे हात दिले. कचरू आता धावेवरून घसा फोडून ओरडतो, कारण वाफ्यात रोजानं लावलेल्या सरस्वतीबाईला हात वाचता येत नाहीत.

बाकी सगळं चांगुणाच्या नावावर. खरं का ते तिला विचारा. ती मान हलवेल.